दोन्ही बाजू मुख्य

३ फेब्रुवारी
नवी लॅब

सौ. वहिनींना,
सप्रेम नमस्कार.

दादाच्या हुकमावरून हे पत्र लिहिते आहे. काल फोनवर आपलं जे झालं ते त्याने शेजारी उभं राहून ऐकलं. "तुम्ही दोघी एकाच वेळी बोलता आणि एकाच वेळी रुसता. त्यापेक्षा लिहा. लिहिताना निदान एकीचं संपल्यावर दुसरीचं सुरू होतं," असं म्हणून तो मेणाचा डबा उचलून निघून गेला. गाडीवाले काका रोज तुमच्याकडून तोंडांचे ठसे इकडे आणतात आणि इथून तयार कवळ्या नेतात, त्यांच्याच एका रिकाम्या डब्यात हे ठेवते आहे. वर ठळक अक्षरांत "दात नाहीत" लिहिलं आहे, म्हणजे कोणी चुकून डॉक्टरांकडे पोचवणार नाही.

आता मुद्दा. आपल्या दोन्ही लॅबमधली माणसं एकाच सामायिक स्टोरेजवर काम करतात. तुमच्याकडे स्कॅन आणि आराखडे होतात, इथली मशिनं तेच आराखडे उघडून दात कापतात. हा सगळा पसारा आज एकाच खोक्यात आहे, ते खोकं जुन्या लॅबच्या माळ्यावर आहे, आणि तो माळा गळतो. ते बंद पडलं की आपण सगळे हात बांधून बसणार आणि आपली गिऱ्हाइकं तोंडावर हात ठेवून.

म्हणून मी असं आखलं आहे. दोन्हीकडे एकेक खोकं. एक मुख्य, एक राखीव. मुख्यात जे उतरेल ते त्याच क्षणी राखीवमध्येही उतरेल. मुख्य पडलं तर राखीव उठून उभं राहील आणि मुख्याचा पत्ता स्वतःला लावून घेईल, काम करणाऱ्याला पत्ताही लागणार नाही. याला फेलओव्हर म्हणतात. इथली वीज भरवशाची आहे, खोली थंड आहे. तेव्हा मुख्य इथे आणि राखीव तुमच्याकडे. तुमचा होकार आला की कामाला लागते.

कळावे. लोभ आहे तेवढा तरी राहू द्यावा.

तुमची
चिमणी


५ फेब्रुवारी
जुनी लॅब

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. डब्यावर "दात नाहीत" वाचून गाडीवाल्यांना वाटलं, वाटेत दात सांडले. बिचारे गाडीतली सगळी पायपुसणी झटकून मग वर आले. पुढच्या वेळी नुसतं "पत्र" लिही.

तू मोठमोठ्या कंपन्यांच्या तारा जोडून आलेली, तेव्हा तुझं म्हणणं खरंच असणार. मला फक्त एक शब्द समजावून सांग. राखीव.

तुझ्या दादाने आणि मी या चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत काम सुरू केलं तेव्हा तू फ्रॉकमध्ये होतीस आणि तुझे स्वतःचे पुढचे दोन दात पडलेले होते. तेव्हापासून डॉक्टरांचा फोन येतो तो इथे. कवळी टोचते म्हणून म्हातारी माणसं रडत येतात ती इथे. राखीव खेळाडू मी पाहिलेले आहेत. ते पाणी घेऊन धावतात, आणि सामना जिंकला की फोटोत अगदी कडेला, अर्धा कान कापलेला, असे उभे असतात. तेव्हा मुख्य इथेच राहील. माळा गळतो तर खोकं खाली आणू. तसंही माळ्यावर चढायला मला वेळ नसतो.

तुझ्या दादाला विचारलं. म्हणाला, "बघू." तुलाही हेच म्हणाला असेल. लग्न झाल्यापासून तो बघतो आहे.

तुझी
वहिनी


९ फेब्रुवारी

सौ. वहिनींना,
स. न.

हो, मलाही "बघू"च म्हणाला.

ठीक आहे. मुख्य तुमच्याकडे, राखीव मी. पाणी घेऊन धावायला मला काही वाटत नाही.

पण याहून मोठी अडचण वेगळीच आहे. समजा, दोन्ही खोकी ठणठणीत आहेत, फक्त मधली तार तुटली. माझ्या खोक्याला तुमच्या खोक्याचा आवाज येईना, की त्याला वाटणार, मुख्य गेलं. ते उठून मुख्य होणार. तुमचं तर मुख्य आहेच. मग एका म्यानात दोन तलवारी. एकाच कवळीच्या आराखड्यावर तुमच्याकडे एक जण हात फिरवणार, इथे दुसरा, आणि तार जोडली गेल्यावर खरा कोणता हे देवालाही सांगता यायचं नाही.

यावर उपाय म्हणजे तिसऱ्या जागी एक छोटं खोकं. पंच. तार तुटली की दोघंही पंचाला हाक मारतात. पंच एकाला म्हणतो, तू चालव, आणि दुसऱ्याला म्हणतो, तू गप्प बस. पंचही सापडला नाही, तर दोन्ही खोकी गप्प बसतात, कारण चुकीचं काम होण्यापेक्षा न झालेलं बरं. तेव्हा मात्र माणसाने बटण दाबून एका बाजूला मुख्य करायचं. त्याचा कागद सोबत आहे, भिंतीला चिकटवा. पहिलीच ओळ महत्त्वाची: "बटण दाबण्याआधी दुसऱ्या बाजूला फोन करा."

पंचासाठी मी आईचं घर ठरवलं आहे. दोन्ही लॅबपासून लांब, वीज वेगळी, आणि आई सहसा घर सोडत नाही. तारेची तुम्ही चिंता करू नका. मी दोन वेगळ्या कंपन्यांच्या दोन तारा घेतल्या आहेत. एक तुटली तर दुसरी आहेच.

तुमची
चिमणी


१२ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. आ.

आईंकडे तुझा पंच बसवून आले. दिव्याच्या टेबलावर, खिडकीपाशी. आई म्हणाल्या, "हे काय करतं?" तुझी ती मुख्य-राखीवची गोष्ट सांगत बसायला माझ्यात ताकद नव्हती. मी म्हटलं, "मी आणि चिमणी भांडलो की कोणाचं ऐकायचं ते हे ठरवतं."

आईंनी वाकून त्याचा हिरवा दिवा निरखला. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं हे काम मी केलं, मला कोणी हिरवा दिवा लावला नाही."

धूळ बसू नये म्हणून त्यांनी त्यावर विणलेला रुमाल घातला. मी काढला. त्यांनी परत घातला. तापेल म्हणून मी समजावलं, तेव्हा मोठ्या भोकांचा रुमाल घालायचा अशी तडजोड झाली. कागद भिंतीला लावला आहे.

नवीन कामाचं सांगते. ट्रम्पेट वाजवणारे एक गृहस्थ आले होते. जिन्यावरून पडून पुढचे चार दात गेले. मार्चमध्ये त्यांचा निरोपाचा कार्यक्रम आहे, त्यानंतर वाजवणं बंद. आमच्या सगळ्यांसमोर त्यांनी ओठ आवळून दाखवले, कुठे काय अडतं ते. त्यांचं काम मी स्वतः करणार आहे. त्यांच्या काही अटी आहेत, त्या आराखड्याबरोबरच्या टिपणात लिहीन.

तुझी
वहिनी


६ मार्च

चि. चिमणीस,
आशीर्वाद (एकच).

काल सकाळी इथले सगळे पडदे एकदम गोठले. स्टोरेज सापडत नाही, एवढंच म्हणत राहिले. डिझाइनवाले चौघेही मान वळवून माझ्याकडे असे बघायला लागले, जणू स्टोरेज मीच गिळलं.

मी घाबरले नाही. तुझा कागद भिंतीवरून काढला, चष्मा लावला आणि एकेक ओळ वाचून वागले. "दुसऱ्या बाजूला फोन करा." केला. एंगेज. पुन्हा केला. एंगेज. मग कागद नीट वाचला. फोन "करा" एवढंच लिहिलं आहे. लागला पाहिजे, असं कुठेही म्हटलेलं नाही. केला होता. बटण दाबलं. आमचं काम सुरू झालं आणि तुझ्या यंत्रणेबद्दल माझं मत दिवसभरापुरतं चांगलं झालं.

संध्याकाळी तार जोडली गेली म्हणे. आणि पडद्यावर लाल अक्षरं आली, "दोन्ही बाजू मुख्य", आणि पुन्हा सगळं ठप्प.

मला चार गोष्टी कळव. दोन तारा होत्या, त्यांचं काय झालं? पंच कुठे शेण खात होता? दोन्ही बाजू मुख्य कशा? आणि तू कोणाशी एवढं बोलत होतीस?

वहिनी


७ मार्च

सौ. वहिनींना,
सा. न.

तारांचं आधी सांगते. मी स्वतः जाऊन पाहून आले. दोन कंपन्या, दोन करार, दोन रंगांच्या तारा. आणि दोघांनीही आपापली तार एकाच चरातून नेलेली, खांद्याला खांदा लावून. रस्ता खोदणाऱ्या मशीनने एकाच घासात दोन्ही तोडल्या. तो मशीनवाला मला म्हणाला, "बाई, मला तर एकच तुटल्यासारखी वाटली." मी त्याच्यावर रागावणार होते, पण राग धरायचा कुणावर हे मला चांगलंच ठाऊक होतं. चर कुठून जातो हे मी कधी विचारलंच नव्हतं.

पंचाशी दोन्ही खोक्यांचा संपर्क झाला नाही. त्या छोट्या खोक्यात काही बिघाड असावा, शोधते आहे. संपर्क न झाल्यामुळे दोन्ही खोकी ठरल्याप्रमाणे गप्प बसली, आणि पुढे, तांत्रिकदृष्ट्या पाहता, दोन्ही बाजू मुख्य झाल्या.

तुमच्याकडचं आणि इथलं दिवसभराचं काम मी जसंच्या तसं वेगळं ठेवलं आहे. काहीही पुसलेलं नाही. कुठलं ठेवायचं ते एकेक बघून ठरवावं लागेल.

तुमची
चिमणी


८ मार्च, सकाळ

चि. चिमणीस,

"दोन्ही बाजू मुख्य झाल्या." झाल्या? उशीर होतो. सर्दी होते. मुख्य आपोआप होत नाही, कोणीतरी करतं. माझी बाजू मी केली, हे मी परवाच्याच पत्रात लिहिलं. तुझी कोणी केली?

आणि पंचात बिघाड शोधत बसू नकोस. मी आईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मीच काढलं ते. पाय शेकायच्या पिशवीला प्लग नको? आणि चार दिवसांत तुमचं भांडण काही कानावर आलं नव्हतं. म्हटलं, घेऊ दे त्यालाही सुट्टी."

गाडीवाले काका खाली थांबले आहेत. ते उत्तर घेऊनच येतील असं मी त्यांना सांगितलं आहे.

वहिनी


८ मार्च, दुपार

सौ. वहिनींना,

मी केली.

माझाच कागद, माझीच पहिली ओळ. मी तुम्हाला फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. मी कोणाशी बोलत होते म्हणून विचारलंत ना? कोणाशीच नाही. तुम्ही मला लावत होतात आणि मी तुम्हाला. इथे मशिनं थांबलेली, अर्धवट कापलेले दात तसेच, आणि तुमच्याकडून काही नाही. मला वाटलं, माळा कोसळला. खरं सांगते, खोक्याचं मला फार नंतर आठवलं. आधी वाटलं, वहिनी खाली बसलेल्या असणार. दादाला तिकडे पिटाळलं आणि हात चालता ठेवायला म्हणून बटण दाबलं. दादा अर्ध्या वाटेत असताना तुमचा फोन त्याला लागला आणि तो तिथूनच परत फिरला. तेव्हाच मी आपली बाजू बंद करायला हवी होती. पण पंधरा वर्षं दुसऱ्यांना नियम शिकवल्यावर आपण नियम मोडला हे दादासमोर म्हणवेना. दातखिळी बसली. ती संध्याकाळपर्यंत सुटली नाही.

आता वाईट बातमी, आणि ही त्या शांत बसण्याचीच फळं आहेत.

तार तुटली तेव्हा ट्रम्पेटवाल्यांचा आराखडा इकडे पोचला होता, टिपण पोचलं नव्हतं. पुढच्या दोन दातांच्या मध्ये चांगली ठळक फट होती. मला वाटलं, घाईत राहून गेली. वहिनींची चूक कधी नव्हे ती मिळाली, गुपचूप दुरुस्त करून टाकू, असं वाटून मी ती मिटवून घेतली. दात कापून झाले, चकाकले, आणि काल थेट डॉक्टरांकडे रवाना झाले. आज तुमच्या बाजूचं काम उघडलं तेव्हा टिपण वाचलं. "फट ठेवणे. सूर त्यातूनच जातो. कोणीही शहाणपणा करू नये."

तो शहाणपणा मी केला, वहिनी. कार्यक्रम येत्या शनिवारी, पंधरा तारखेला आहे. पुन्हा कापायला मशीन मोकळं नाही, कारण सगळी कामं तुंबली आहेत. दादाला सांगायचं धाडस होत नाही. तुम्ही सांगाल का?

चिमणी


१६ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

आठवडाभर लिहिलं नाही कारण फोनवरच इतकं बोललो. मंगळवारी आपण दोघींनी दोन्हीकडचे आराखडे समोर ठेवून एकेक करून जुळवले, त्यात तू माझं बोलणं एकदाही तोडलं नाहीस. मी दोनदा तोडलं. माझ्या लक्षात आलं होतं.

पण काल तू कार्यक्रमाला आली नाहीस. तोंड दाखवायची लाज वाटते म्हणालीस. म्हणून जे झालं ते सविस्तर लिहिते.

तुझ्या दादाला मी सांगितलं तेव्हा त्याने "बघू" म्हटलं नाही. ट्रम्पेटवाल्यांचा ठसा काढला, दिवा जवळ ओढला आणि मेणात हाताने चार दात घडवायला बसला. किती वर्षांनी मी त्याला असं पाहिलं. जीभ दातांत धरून, शाळेतल्या मुलासारखा. डिझाइनवाले आपापलं सोडून भोवती गोळा झाले. मग त्या मेणावरून पक्के ओतलेले दात घेऊन आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो.

ट्रम्पेटवाले आधीच तुझे दात लावून आरशासमोर बसले होते. आम्ही माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून आम्हाला थांबवलं. म्हणाले, "सशाने ससाण्याला सांगितलं." पुन्हा म्हणाले. मग कळलं, जन्मभर त्यांच्या "स"बरोबर त्या फटीतून शिट्टी वाजायची. शाळेत मुलं त्यांना मुद्दाम "स"चे शब्द म्हणायला लावायची. आज पहिल्यांदा शिट्टी वाजली नव्हती. सत्तरी उलटलेला माणूस आरशासमोर बसून सासू, सासरा, सोसायटी असं म्हणत होता आणि डॉक्टर शेजारी उभे राहून पुढचे शब्द सुचवत होते.

मग त्यांनी ट्रम्पेट ओठाला लावलं. सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा आवाज आला. बाहेर बसलेल्यांपैकी एक जण आत डोकावून गेला, कोणाचं काय झालं बघायला.

तुझ्या दादाने खिशातून आपले दात काढले. ते लावून त्यांनी फुंकर घातली मात्र, खोलीतल्या काचेच्या बरण्या थरथरल्या. डॉक्टर म्हणाले, "मग यातले कोणते ठेवायचे?" ट्रम्पेटवाले म्हणाले, "का? एका माणसाचे बूट दोन असतात, चष्मे दोन असतात."

दोघींच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात तो हा.

काल सभागृह भरलं होतं. माणूस काय वाजवतो, चिमणे. शेजारच्या बाई डोळे पुसत होत्या, तुझा दादाही पुसत होता, फक्त तो चष्मा पुसतोय असं दाखवत होता. शेवटचा तुकडा संपला, टाळ्या थांबेनात. ट्रम्पेटवाल्यांनी लोकांकडे पाठ केली, क्षणभर खाली वाकले, आणि वळून माइकपुढे आले. म्हणाले, "समोर बसलेल्या सर्व सुहृदांचे सहृदय, सविनय आणि सहर्ष आभार." एकही शिट्टी नाही. लोकांना वाटलं, भारावून बोलतायत. एवढे "स" का, हे त्या सभागृहात मला, तुझ्या दादाला आणि डॉक्टरांना, आम्हा तिघांनाच कळलं. चौथी तू असायला हवी होतीस.

तुझी
वहिनी


२० मार्च

सौ. वहिनींना,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि एकदा सगळ्यांना वाचून दाखवलं, आधी माझ्या गुपचूप दुरुस्तीची गोष्ट सांगून. पुढच्या वेळी बोलवाल तिथे येईन.

आता तारांचं. दुसरी तार मी बदलून घेतली. ही पुलावरून येते, पहिलीच्या आसपासही नाही. या वेळी कंपनीवर विसंबले नाही, लाइनमनबरोबर तिच्या कडेकडेने पायी चालत आले. त्याला वाटलं, बाईंचं काही हरवलं आहे. आईला प्लगांची लांब पट्टी दिली, आता शेकायची पिशवी आणि पंच दोघंही नांदतात. आणि कागद नवा केला आहे. पहिली ओळ: "दुसऱ्या बाजूशी प्रत्यक्ष बोलल्याशिवाय बटण दाबू नये." दुसरी ओळ: "फोन नेहमी जुनी लॅब करेल. नवी लॅब वाट बघेल."

यापुढे लिहायला जरा जड जातं आहे. हे सगळं चालतं का, ते मुद्दाम पाडून पाहावं लागतं, आणि तेही भर कामाच्या वेळेत, नाहीतर चाचणीला अर्थ नाही. माझी बाजू पाडून काहीच कळणार नाही, कारण मी राखीव. खरी परीक्षा मुख्य बाजू पाडली तरच. म्हणजे तुमची. परवा फोनवर हेच विचारायचं होतं आणि मी हवापाण्यावर बोलत राहिले.

तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. दुसरा काही मार्ग शोधू.

तुमची
चिमणी


२२ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

दोन एप्रिलला माझी बाजू पाड. आणि पाडलीस की लगेच उभी करू नकोस. महिना-दीड महिना मुख्य तूच राहा, आणि दिवसाचा अर्धा वेळ इथे माझ्या खुर्चीत येऊन बस.

माझा डावा गुडघा बदलायचा आहे. तीन तारखेला ऑपरेशन. डॉक्टर, म्हणजे दातांचे नव्हेत, दोन वर्षं मागे लागले आहेत. माळ्यावर चढायला वेळ नसतो असं मी तुला लिहिलं होतं. वेळ होता, गुडघा नव्हता. आईंकडे पंच बसवायला गेले तेव्हा लिफ्ट बंद होती, आणि प्रत्येक मजल्यावर थांबून मी भिंतीवरच्या पाट्या वाचल्याचं नाटक केलं. गाडीवाले माझ्यासोबत होते. तेही वाचत होते. चांगला माणूस आहे.

तुझ्या दादाला हे आज रात्री जेवताना सांगणार आहे. तुला आधी लिहिते आहे, कारण त्याला सांगितल्यावर तो पहिला प्रश्न विचारेल, "मग लॅबचं काय?" आणि इतके दिवस मला त्याचं उत्तर सापडत नव्हतं. म्हणून तर ऑपरेशन पुढे ढकलत होते. मी नसले तर इथे कोण, याचा मी मनातल्या मनात कीस काढत होते आणि नेमकं तुझं पत्र आलं, मुख्य इथे, राखीव तुमच्याकडे. मला वाटलं, हिला कळलं. दादाने आणि हिने मिळून मला आधीच कडेला काढलं. तू खोक्याबद्दल लिहीत होतीस आणि मी गुडघ्याबद्दल वाचत होते.

मला रडू येईल असं काही उत्तर लिहू नकोस. चाचणी नीट कर म्हणजे झालं.

तुझी
वहिनी


५ एप्रिल
जुनी लॅब, तुमची खुर्ची

सौ. वहिनींना,
सप्रेम नमस्कार.

हे दादाबरोबर हॉस्पिटलमध्ये पाठवते आहे. ऑपरेशन छान झालं आणि शुद्धीवर येताच तुम्ही नर्सला खालच्या दाढेबद्दल विचारलंत, हे त्याने सांगितलं. रडू येईल असं काही लिहीत नाही. नुसती हकिकत.

दोन तारखेला तुमचं खोकं बंद करायचा मान दादाने मागितला. सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आज कधीही चाचणी होईल. दादाने बटण दाबलं, मी घड्याळाकडे बघत पंचाचा निरोप यायची वाट पाहिली. पडदे पापणी मिटावी तेवढे अडखळले आणि पुढे चालू. सगळे काम करत राहिले. बऱ्याच वेळाने एका डिझाइनवाल्याने विचारलं, "ताई, चाचणी सुरू केव्हा होणार?" दादा हिरमुसला. त्याला वाटत होतं, निदान एखादा दिवा तरी लागेल.

खोक्यांचं असं सरळ झालं. तुमच्या खुर्चीचं तसं होत नाही आहे. काल एका डॉक्टरांचा फोन आला. "नेहमीचा रंग द्या." मी म्हटलं, नेहमीचा म्हणजे कोणता? ते म्हणाले, "वहिनींना माहीत आहे." दुसऱ्यांचा आला, "त्या बाईंची कवळी, मागच्यासारखीच, फक्त जरा आनंदी." दातांच्या छटांची पट्टी घेऊन मी तासभर आनंदी छटा शोधत होते. दादाला विचारलं. तो म्हणाला, "बघू." एक आजोबा कवळी टोचते म्हणून आले आणि मला बघून म्हणाले, त्या येतील तेव्हा येतो. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि दादाला हाक मारायच्या आधी नुसतं त्यांचं ऐकून घेतलं. कवळीचं त्यांनी शेवटी सांगितलं. आधी मुलाचं सांगितलं, मग घराचं. जाताना म्हणाले, "आता कमी टोचते." आम्ही कवळीला हातही लावला नव्हता.

तुम्ही दिवसभर काय करत होतात, ते मला आत्ता कळायला लागलं आहे.

तुमची
चिमणी


९ एप्रिल
हॉस्पिटल

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

आज खिडकीपर्यंत चालले. वॉकर धरून, दोन्ही बाजूंना माणसं, पण चाल माझी.

आनंदी छटा म्हणजे पट्टीवरची दुसरी, किंचित पिवळसर. फार पांढरे दात लावले की म्हातारं माणूस घाबरलेलं दिसतं. त्या आजोबांना तू ऐकून घेतलंस ते बरोबर केलंस. त्यांची कवळी मी चार वर्षांत एकदाही घासलेली नाही.

आता एक काम. माझ्या शेजारच्या खाटेवर एक बाई आहेत. बोलताना त्यांची वरची कवळी निम्मी खाली येते आणि त्या ती जिभेने परत बसवतात, वाक्य न थांबवता. काल त्या कशावरून तरी मनापासून हसल्या तर ती थेट पांघरुणात पडली, आणि दोन नर्सनी मिळून शोधली. तेव्हापासून त्या हसतच नाहीत, हे मला सहन होत नाही. कोणी केली ते विचारलं नाही. आपली नाही, एवढं लांबूनच ओळखलं.

त्या सोमवारी घरी जाणार. त्यांना तुझ्याकडे पाठवते आहे. त्यांच्या डॉक्टरांशी बोलणं, नवा ठसा, माप, रंग, कोणाच्या हातात काम द्यायचं, सगळं तू ठरव. मला विचारायला फोन करू नकोस.

दुपारच्या चहानंतर मी जागीच असते.

तुझी
वहिनी